पावसाळी पाण्याचा फिल्टर खरंच 90 टक्के घाण काढतो का, हे कसं तपासायचं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. पुण्यातली एक मोठी सोसायटी आहे. आतले रस्ते, पार्किंग आणि पोडियमवरचं पावसाचं पाणी आजवर पावसाळी गटारातून ओढ्याला जात होतं. आता ते फिल्टरमधून काढून बोअरमध्ये सोडायचा विचार चाललाय. फिल्टर देणाऱ्या कंपनीने ‘90 टक्के प्रदूषक निघतात’ असा लॅबचा एकपानी रिपोर्ट दिलाय. कमिटी विचारते की हा आकडा खरा मानायचा का, आणि आपल्या आवारात तो तपासायचा कसा?

रिपोर्ट खोटा असेलच असं नाही. पण ‘इतके टक्के’ हा आकडा फिल्टरइतकाच बाटली कधी आणि कुठे बुडवली यावर ठरतो. म्हणून चाचणीची पद्धत ठरल्याशिवाय टक्केवारीवर वाद घालण्यात अर्थ नाही. एक हिशेब मांडतो. आकडे समजण्यासाठी घेतलेत, पण अशा पावसात जे घडतं त्याला धरून आहेत.

समजा वळवाची एक सर आली आणि आवारातून 20 हजार लिटर पाणी वाहिलं. पहिल्या दहा मिनिटांत 2 हजार लिटर आलं, लालसर-काळं, त्यात लिटरमागे 500 मिलिग्रॅम गाळ. मग जोराचा पाऊस झाला, 10 हजार लिटर, गाळ 120. शेवटी ओसरतं पाणी 8 हजार लिटर, गाळ 40. फिल्टरमधून बाहेर पडताना या तीन टप्प्यांत गाळ अनुक्रमे 60, 40 आणि 25 मिलिग्रॅम होता. आता कोणी सुरुवातीला आत येणाऱ्या पाण्याची एक बाटली भरली आणि सर संपताना बाहेरच्या पाण्याची एक, तर 500 वरून 25, म्हणजे 95 टक्के. रिपोर्ट तयार.

हाच पाऊस नीट मोजू. आत किती गाळ आला? 2 हजार लिटरमध्ये 1,000 ग्रॅम, 10 हजारमध्ये 1,200 आणि 8 हजारमध्ये 320. एकूण 2,520 ग्रॅम. त्याला 20 हजार लिटरने भागलं की लिटरला 126 मिलिग्रॅम येतं. ही त्या पावसाची खरी सरासरी. तिन्ही नमुन्यांची नुसती बेरीज करून तिनाने भागलं असतं तर 220 आली असती, आणि ती चूक ठरली असती, कारण सगळ्यात घाण पाणी सगळ्यात थोडं होतं. बाहेर पडलेला गाळ याच रीतीने 720 ग्रॅम, म्हणजे सरासरी 36. घट 71 टक्के.

अजून एक गोष्ट राहिली. मधल्या जोराच्या पावसात फिल्टरला सगळं पाणी पेललं नाही आणि त्या 10 हजार लिटरपैकी निम्मं बायपासच्या पाइपातून न गाळताच पुढे गेलं असं धरा. मग बाहेर पडलेला गाळ 1,120 ग्रॅम होतो आणि घट 56 टक्क्यांवर येते. फिल्टर तोच, पाऊस तोच. 95, 71, 56. कंपनीच्या रिपोर्टवर यातला कोणता आकडा आहे हे त्या एका पानावरून कळायला काही मार्ग नाही. कमिटीने त्यांना पहिला प्रश्न हाच विचारावा: नमुने प्रवाहाच्या प्रमाणात घेतले होते का, आणि बायपासचं पाणी हिशेबात धरलं होतं का?

ज्या देशांत सरकार अशा फिल्टरना मान्यता देतं तिथे हे प्रश्न फार आधी पडले. अमेरिकेत 1978 ते 1983 या काळात शहरी पावसाळी पाण्याचा मोठा अभ्यास झाला आणि त्यातून ‘पूर्ण पावसाची भारित सरासरी’ ही मोजणी रुळली. पुढे दोन वाटा झाल्या. न्यू जर्सी राज्याने प्रयोगशाळेतली चाचणी पक्की केली: ठरावीक कणांची सिलिका पूड पाण्यात मिसळायची, लिटरला सुमारे 200 मिलिग्रॅम, आणि ठरलेल्या प्रवाहाला फिल्टर किती पकडतो ते बघायचं. वॉशिंग्टन राज्याने प्रत्यक्ष रस्त्याकडेला, खऱ्या पावसात चाचणी मागितली. तिथला निकष मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आत येणारा गाळ 100 ते 200 मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर 80 टक्के घट हवी. पण आत येणारं पाणी 100 पेक्षा कमी गाळाचं असेल तर टक्केवारी बघायचीच नाही, बाहेर पडणाऱ्या पाण्यात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त गाळ नको, एवढंच. आधीच बऱ्यापैकी स्वच्छ असलेल्या पाण्यातून 80 टक्के काढणं कुठल्याही फिल्टरला अवघड जातं, आणि अतिशय घाण पाण्यातून साधी टाकीसुद्धा 80 टक्के काढून दाखवते. 400 चे 80 झाले तर 80 टक्के, 30 चे 12 झाले तर 60 टक्के. तुमच्या बोअरला कोणतं पाणी चालेल? म्हणून कंपनीशी करार करताना टक्केवारीच्या जोडीला ‘बाहेरच्या पाण्यात जास्तीत जास्त इतके मिलिग्रॅम’ हे लिहून घ्या. अमेरिकेतल्या अशा चाचण्यांची जी मोठी सामाईक माहितीपेढी आहे, तिच्या विश्लेषकांनी तर टक्केवारी देणंच टाळलं, ते याच कारणाने.

वॉशिंग्टनचा निकष विरघळलेलं तांबं आणि जस्तही मोजायला लावतो, कारण तिथलं पाणी सॅमन माशांच्या ओढ्यांत जातं. 2020 मध्ये तिथल्या संशोधकांनी टायरच्या रबरातल्या एका रसायनापासून बनणारा पदार्थ शोधून काढला. पावसाच्या पाण्यातून तो ओढ्यात गेला की कोहो सॅमन मरतात. तेव्हापासून तिथे फिल्टर तपासताना हाही पदार्थ बघायला लागले. पाणी शेवटी कुठे जाणार हे आधी ठरतं आणि कशाची चाचणी करायची ते त्यावरून. तुमचं पाणी बोअरमध्ये जाणार आहे, त्यामुळे यादी वेगळी होईल. त्याकडे पुढे येतो.

आधी फिल्टरच्या आतलं एक गणित समजून घ्या, कारण बरेच दावे तिथेच अडकतात. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो हे त्याच्या आकाराच्या वर्गावर (आकार गुणिले आकार) अवलंबून असतं. 75 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक वाळूचा कण सेकंदाला साधारण 5 मिलिमीटर खाली जातो, म्हणजे एक मीटर खोल टाकीत साडेतीन मिनिटांत तळाला. 10 मायक्रॉनचा कण सेकंदाला 0.09 मिलिमीटर. त्याला तेवढ्याच अंतराला तीन तास लागतात, तेही पाणी अगदी स्थिर असेल तर. त्यामुळे चाचणीत जाड पूड वापरली की कुठलीही टाकी पास होते. आणि प्रदूषण नेमकं बारकात असतं. 1972 मध्ये सारटोर आणि बॉइड यांनी अमेरिकी शहरांच्या रस्त्यावरची धूळ चाळून पाहिली. 43 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग वजनाने फक्त 6 टक्क्यांच्या आसपास होता, पण जड धातूंपैकी निम्म्याहून अधिक त्यातच होते. तुमच्या फिल्टरने वाळू आणि पानं पकडली आणि बारीक गाळ सोडला, तर चेंबर भरलेला दिसेल, सफाईवाला टोपलीभर गाळ काढेल, आणि जस्त-तांबं मात्र तसंच पुढे गेलेलं असेल. कंपनीला विचारा: चाचणीतल्या गाळाच्या कणांचा आकार काय होता? याचं उत्तर आलं नाही तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

आता तुमच्या आवारात करायचं काय ते सांगतो.

सगळ्यात आधी, पावसाळा सुरू होण्यापूर्वी किंवा चार-पाच कोरडे दिवस गेल्यावर पावसाळी चेंबरचं झाकण उघडून बघा. पाणी वाहतंय का? पाऊस नसताना पाणी येत असेल तर ते गाड्या धुतलेलं तरी आहे, बागेचं तरी आहे, नाहीतर कुठेतरी सांडपाण्याची लाइन पावसाळी लाइनला जोडली गेली आहे. जुन्या सोसायट्यांत हे तिसरं इतकं सर्रास सापडतं की मी फिल्टरची चर्चा यानंतरच सुरू करतो. त्या पाण्यात अमोनिया आणि ई-कोलाय (मैल्यात सापडणारा जिवाणू) तपासून घ्या. मैला मिसळत असेल तर कितीही चांगला फिल्टर लावून ते पाणी जमिनीत घालणं गुन्हाच आहे. आधी ती जोडणी तोडा.

मग पाणी मोजायची सोय करा. प्रवाह न मोजता घेतलेले नमुने म्हणजे वजन न करता केलेला हिशेब. स्वस्तात चालणारी गोष्ट म्हणजे चेंबरमध्ये बसवलेली 90 अंशांच्या खाचेची पत्र्याची पाटी, जिला आमच्याकडे व्ही-नॉच म्हणतात. खाचेच्या टोकापासून पाणी किती उंच चढलं ते पट्टीवर वाचायचं, पाटीपासून थोडं मागे, जिथे पाणी संथ असतं तिथे. 5 सेंटिमीटर उंचीला सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, 10 सेंटिमीटरला साधारण 4.4 लिटर, 15 सेंटिमीटरला 12 लिटर. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटींहून जास्त वाढतो, त्यामुळे पट्टी नीट वाचायला हवी. अशी एक पाटी फिल्टरच्या वाटेवर आणि एक बायपासवर. सोबत गच्चीवर पर्जन्यमापक, स्वयंचलित जमला तर उत्तम.

बायपास कधी वाहिला हे कळायला एक फार साधी युक्ती आहे आणि मी ती कुठल्याही चेंबरला सांगतो. चेंबरच्या आतल्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत गेरूचा उभा पट्टा ओढा. पाऊस झाल्यावर पाणी जिथवर चढलं तिथवर गेरू धुतला जातो. ती रेषा बायपासच्या पाइपाच्या वर असेल तर त्या दिवशी काही पाणी न गाळता गेलं. प्रत्येक पावसानंतर मोबाइलवर फोटो काढायचा, पट्टा पुन्हा ओढायचा. हंगामाच्या शेवटी बायपास किती वेळा वाहिला याचा पुरावा फुकटात हाती येतो. पट्टा ओढायला किंवा नमुना घ्यायला माणूस चेंबरमध्ये उतरवू नका. बंद चेंबरमध्ये वायू साचतो आणि दरवर्षी माणसं जातात. लांब काठीला ब्रश किंवा बाटली बांधा, वरूनच काम होतं.

फिल्टरची क्षमता आणि आवाराचं क्षेत्रफळ यांचा मेळही कागदावरच लावून घ्या. हजार चौरस मीटर पेव्हर आणि काँक्रीट, ताशी 50 मिलिमीटरचा जोर, आणि त्यातलं 90 टक्के पाणी वाहून येतं असं धरलं तर सेकंदाला साडेबारा लिटर येतं. पुण्यात वळवाला किंवा परतीच्या पावसाला थोडा वेळ का होईना असा जोर येतो. फिल्टर सेकंदाला 4 लिटरचा असेल तर त्या वेळी दोन तृतीयांश पाणी बायपासने जाणार, हे सांगायला चाचणी लागत नाही.

नमुने घेताना जागा महत्त्वाची. आतला नमुना चेंबरमध्ये साचलेल्या पाण्यातून नाही, पाइपातून पडणाऱ्या धारेतून घ्या, बाटलीचं तोंड सगळ्या धारेखालून फिरवत. साचलेल्या पाण्यात जाड गाळ खाली बसलेला असतो आणि वरचं पाणी फसवतं. बाहेरचे नमुने दोन: एक फिल्टरच्या तोंडाशी, बायपास मिसळण्यापूर्वी, आणि दुसरा दोन्ही पाणी एकत्र झाल्यावर. पहिला फिल्टरबद्दल सांगतो, दुसरा तुमच्या व्यवस्थेबद्दल.

मोठ्या प्रकल्पात स्वयंचलित सॅम्पलर लावतात. तो ठरलेलं इतकं पाणी वाहिलं की एकदा थोडं पाणी उचलतो. सोसायटीला दोन शिकवलेली माणसं पुरतात. पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी एकेक लिटर, मग दर पंधरा मिनिटांनी, प्रत्येक बाटलीवर वेळ आणि व्ही-नॉचची उंची लिहिलेली. पाऊस ओसरल्यावर त्या उंचीवरून कोणत्या टप्प्यात किती पाणी गेलं ते काढायचं आणि त्या प्रमाणात बाटल्यांमधलं पाणी एका भांड्यात मिसळायचं, प्रत्येक बाटली आधी जोरात हलवून. आतल्या पाण्याचा एक मिश्र नमुना, बाहेरच्याचा एक. वाहिलेल्या पाण्याचा निदान तीन चतुर्थांश भाग या नमुन्यांत आला पाहिजे. पहिली सर पकडली आणि चहाला गेलो, असं केलं तर सगळी मेहनत वाया.

इथे एक मेख आहे. फिल्टरच्या टाकीत पाणी थांबतं. 6 हजार लिटरची टाकी असेल आणि सेकंदाला 3 लिटर येत असेल तर आत आलेलं पाणी बाहेर पडायला अर्ध्या तासाहून जास्त लागतं. त्याआधी बाहेर जे येतं ते मागच्या पावसाचं, चार दिवस निवळलेलं पाणी. म्हणून ‘एकाच वेळी आत-बाहेरची बाटली’ या तुलनेला अर्थ नाही. पूर्ण पावसाची सरासरी घेतली की ही अडचण बरीचशी जाते. छोट्या सरीत मात्र टाकी मागचंच पाणी बाहेर ढकलत राहते, तेव्हा टाकीच्या आकारापेक्षा कमी पाणी वाहिलेले पाऊस हिशेबातून वगळा.

तेल-ग्रीसचा नमुना मिश्र करू नका. तेल बाटलीच्या आणि नळीच्या अंगाला चिकटतं. तो वेगळ्या काचेच्या बाटलीत थेट धारेतून घ्यायचा आणि लॅबला ती अख्खी बाटली वापरायला सांगायची. जिवाणूंचा नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फात, त्याच दिवशी लॅबला. विरघळलेले धातू हवे असतील तर पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून शक्य तितक्या लवकर गाळून मग त्यात नायट्रिक आम्ल घालतात. आधी आम्ल घालून मग गाळलं तर गाळाला चिकटलेला धातू पाण्यात उतरतो आणि आकडा भलताच येतो. हे लॅबच्या माणसाशी पावसाळ्याआधी बसून ठरवा. पाऊस पडायला लागल्यावर ठरवायला वेळ नसतो.

लॅबबद्दल आणखी दोन गोष्टी. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता बघाच, पण ती ज्या तपासण्यांना आहे त्या यादीत तुमच्या तपासण्या आहेत का तेही बघा. तरंगता गाळ मोजताना बऱ्याच लॅबमध्ये मोठ्या बाटलीतून थोडं पाणी पिपेटने काढून तेवढंच गाळतात. तेवढ्यात वाळू तळाला बसते आणि आकडा कमी येतो. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने 2000 मध्ये हा फरक मोठ्या संख्येने नमुने घेऊन दाखवला. लेखी सांगा: पूर्ण बाटली गाळा. दुसरं म्हणजे प्रत्येक पदार्थाची लॅबची खालची मर्यादा, म्हणजे तिला कमीत कमी किती प्रमाण मोजता येतं, ती विचारा. आत ‘5 पेक्षा कमी’ आणि बाहेरही ‘5 पेक्षा कमी’ आलं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बाहेरच्याला शून्य धरून ‘100 टक्के’ लिहिलेले रिपोर्ट मी पाहिलेत. अधूनमधून एक बाटली शुद्ध पाण्याची आणि एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या वेगळ्या नावांनी पाठवत जा. लॅब किती भरवशाची आहे ते लगेच कळतं.

किती पाऊस तपासायचे? वॉशिंग्टनमध्ये डझनभरापेक्षा कमी पावसांवर निकाल देत नाहीत, आणि दोन पावसांमध्ये निदान सहा तासांची उघडीप मागतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही अट आपल्याकडे जुळणं कठीण. रिपरिप दिवसभर चालते. माझी पद्धत अशी की हंगामाचे तीन भाग धरावेत. मे-जूनचे वळीव आणि पहिले पाऊस, ज्यात सात-आठ महिन्यांची धूळ, टायरची पूड, ब्रेकचं तांबं आणि पत्र्याच्या शेडवरचं जस्त एकदम येतं. मग जुलै-ऑगस्टची झड, ज्यात पाणी त्यामानाने स्वच्छ पण खूप. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा परतीचा पाऊस, थोडा वेळ पण दणदणीत, जो बायपासची परीक्षा घेतो. प्रत्येक भागातले निदान चार पाऊस घ्या. तिन्ही भागांचे आकडे वेगळे मांडा, एकत्र सरासरीत बुडवू नका. पहिल्या पावसाला 85 टक्के आणि झडीत 20 टक्के येणं अगदी शक्य आहे, आणि दोन्ही खरे असतात. पुण्याला वर्षाला पडणाऱ्या सातशेहून जास्त मिलिमीटरमधला बराच वाटा झडीत येतो, त्यामुळे बोअरमध्ये किती गाळ गेला हे त्या 20 टक्क्यांवरही तेवढंच ठरतं.

पावसाची वाट न बघता करता येण्यासारखी एक चाचणी आहे आणि ती फिल्टर ताब्यात घेण्याच्या दिवशी कंपनीच्या माणसासमोर करावी. 10 हजार लिटरचा टँकर मागवा, पाणी स्वच्छ हवं. आपल्याच आवारातली झाडलेली धूळ वाळवून 75 मायक्रॉनच्या चाळणीतून चाळा, तिचे 2 किलो घ्या. आधी बादलीत पातळ कालवून टँकर रिता होईपर्यंत सारख्या धारेने पाण्यात सोडत राहायचं, म्हणजे लिटरला 200 मिलिग्रॅम होतं. प्रवाह फिल्टरच्या ठरलेल्या क्षमतेइतका ठेवा. बाहेर दर मिनिटाला बाटली. टाकीतलं जुनं पाणी आधी बाहेर येईल, ते सोडून पुढचं धरा. सगळं झाल्यावर दुसरा टँकर निव्वळ स्वच्छ पाण्याचा, जास्त जोराने सोडा. आता बाहेर गढूळ पाणी आलं तर फिल्टर पकडलेला गाळ परत सोडतो आहे. ही दुसरी चाचणी फार लोक करत नाहीत आणि मोठ्या पावसात नेमकं हेच होतं: जूनमध्ये पकडलेलं ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत धुऊन जातं.

हंगाम संपला की फिल्टरमधला गाळ फेकण्यापूर्वी वाळवून वजन करा आणि चाळा. आत आलेला वजा बाहेर गेलेला, हा तुमचा हिशेब आणि प्रत्यक्ष सापडलेला गाळ साधारण जुळायला हवा. सापडलेला जास्त असेल तर तुमचे नमुने जाड वाळू चुकवत होते. खूपच कमी असेल तर तो कुठल्यातरी पावसात वाहून गेलाय. गाळात 75 मायक्रॉनपेक्षा बारीक भाग किती आहे, हा आकडा मला लॅबच्या अर्ध्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगतो.

फिल्टरचं वयही ध्यानात घ्या. नवा मीडिया, म्हणजे फिल्टरमधलं गाळणारं साहित्य, पहिल्या एक-दोन पावसांत स्वतःचीच धूळ सोडतो. खत-कंपोस्ट मिसळलेला मीडिया असेल तर सुरुवातीला फॉस्फेट आणि नायट्रेट बाहेरच्या पाण्यात वाढलेलं दिसतं. मग फिल्टर चांगला चालतो. पुढे गाळाचा थर जमला की पाणी अधिकच स्वच्छ येऊ लागतं आणि कमिटी खूश होते. पण त्याच वेळी त्यातून जाणारं पाणी कमी होत असतं आणि बाकीचं बायपासने जात असतं. म्हणून स्वच्छतेच्या आकड्याशेजारी नेहमी ‘किती पाणी खरंच गाळलं गेलं’ हा आकडा हवा. तो निम्म्यावर आला की मीडिया धुवायची किंवा बदलायची वेळ झाली, रिपोर्ट कितीही सुंदर असो.

आता मुख्य मुद्दा, जो तुम्ही विचारला नाही पण मला सांगितलाच पाहिजे. वाळू-खडीचा किंवा जाळीचा फिल्टर गाळ काढतो. विरघळलेलं जस्त, नायट्रेट, क्षार, पेट्रोलचे घटक यांना तो अडवत नाही. ओल्या फिल्टरमध्ये अमोनियाचं नायट्रेट होतं आणि बाहेर नायट्रेट वाढलेलंही दिसू शकतं. जिवाणू काही प्रमाणात कमी होतात, पण रस्त्याच्या पाण्यात कुत्र्यांची विष्ठा, कबुतरांची घाण इतकी असते की ‘काही प्रमाणात’ने भागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500:2012 या मानकात 100 मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नको, शिसं लिटरला 0.01 मिलिग्रॅमपर्यंत, नायट्रेट 45 पर्यंत. तुम्ही म्हणाल आम्ही बोअरचं पाणी पीत नाही. पण आपल्या पायाखाली दख्खनचा बेसॉल्ट आहे. त्यातलं पाणी भेगांतून चालतं. मातीत मुरताना जी गाळणी मिळते ती बोअरमधून थेट भेगेत सोडलेल्या पाण्याला मिळत नाही, आणि ती भेग कोणाच्या विहिरीत उघडते हे तुम्हाला कळणार नाही. कडेच्या वस्तीत कोणीतरी तेच पाणी पीत असतं.

माझा सल्ला स्पष्ट आहे: गच्चीचं पाणी वेगळं काढा, पहिल्या पावसाचं सोडून द्या, गाळा आणि बोअरला ते द्या. रस्ता आणि पार्किंगचं पाणी बोअरमध्ये थेट घालू नका. ते फिल्टरमधून काढून बागेतल्या उथळ मुरवण-खड्ड्यात सोडा, जिथे मुरूम आणि मातीचा थर मधे असेल. काळी चिकण माती असेल तर मुरण्याचा वेग आधी मोजून बघा, नाहीतर डबकं होईल आणि डास. फिल्टरच्या चाचणीची यादीही यावरून ठरते: गाळ आणि गढूळपणा दर वेळी, तेल-ग्रीस, नायट्रेट, अमोनिया, ई-कोलाय हंगामाच्या प्रत्येक भागातल्या निदान दोन पावसांना, जस्त, तांबं, शिसं एकूण आणि विरघळलेलं, पहिल्या पावसांना नक्की. गढूळपणा मोजायचं हातातलं यंत्र घेऊन ठेवा. दहा-बारा नमुन्यांत गढूळपणा आणि गाळ यांचं तुमच्या आवारापुरतं नातं बसलं की पुढे प्रत्येक वेळी लॅबला पैसे द्यावे लागत नाहीत.

शिवाय बोअरचं स्वतःचं पाणी, काही सोडण्यापूर्वी म्हणजे या एप्रिल-मेमध्येच, एकदा पूर्ण तपासून रिपोर्ट जपून ठेवा. शेजारच्या दोन बोअरचंही जमलं तर बघा. पुढच्या वर्षी नायट्रेट किंवा जिवाणू वाढलेले दिसले तर ते आधीपासून होते की तुमच्या पाण्याने आले, हे ठरवायला दुसरं काही साधन नसेल. कंपनीच्या करारात शेवटच्या हप्त्याची रक्कम टँकरच्या चाचणीला आणि पहिल्या परतीच्या पावसानंतरच्या निकालाला बांधून ठेवा, बायपासच्या फोटोंसकट.